विद्यापीठात टर्नटेबल शिकायचं असेल तर

दर ऑगस्टमध्ये बॉस्टनला नवीन मुलं येतात आणि ओळखीपाळखीतून मला मेसेज येतोच: "ताई, इथे डीजेइंग शिकता येतं म्हणे. लॅपटॉपला जोडायचा कुठला कंट्रोलर घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आत्ता काहीही घेऊ नका. पहिलं सेमिस्टर विद्यापीठाच्या डेकवर, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या टर्नटेबलवर, काढा, कुणाच्या तरी नजरेखाली काढा आणि तोवर लॅपटॉप बॅगेतच राहू द्या. यूट्यूबवर तुम्हाला सगळ्यांचे हात दिसतील, पण यूट्यूबला तुमचा हात दिसत नाही. मनगट कुठे आखडतंय, फेडर, म्हणजे आवाज चालू-बंद करायचं सरकतं बटण, कधी उशिरा बंद होतोय, हे शेजारी बसलेला माणूस दोन मिनिटांत सांगतो.

मी सांगलीची. शाळेत असताना तबल्याच्या परीक्षा दिल्या, इंजिनिअरिंग केलं, एमएससाठी इथे आले आणि टर्नटेबल इथल्या विद्यापीठाच्या तळघरातल्या एका खोलीत शिकले. आता नोकरी करते, पण शनिवारी सकाळी त्याच खोलीत नव्या मुलांसोबत बसते. पुढे लिहिलंय ते याच क्रमाने मी त्यांना शिकवते.

डेक शोधायचे कुठे

तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे संगीत विभाग. बॉस्टनच्याच बर्कली कॉलेज ऑफ म्युझिकने २००४ साली टर्नटेबल तंत्राचा रीतसर वर्ग सुरू केला. स्टीफन वेबर या प्राध्यापकांनी तो उभा केला. न्यूयॉर्कच्या द न्यू स्कूलमध्ये रॉब स्विफ्टने वर्ग घेतले आहेत, म्हणजे एक्झिक्यूशनर्स या डीजेंच्या ज्या गटाने हे तंत्र घडवलं त्यांच्यातलाच एक माणूस. आपल्या विद्यापीठाच्या कॅटलॉगमध्ये 'डीजे' शब्द सापडला नाही तर इलेक्ट्रॉनिक म्युझिक, रेकॉर्डिंग, हिपहॉपचा इतिहास असे विषय बघा. इंजिनिअरिंगच्या मुलांनाही दुसऱ्या विभागाचा एखादा विषय घेता येतो किंवा नुसतं बसता येतं. अॅडव्हायजरला विचारायचं, लाजायचं नाही.

दुसरं ठिकाण विद्यापीठाचं रेडिओ स्टेशन. आपल्याकडच्या मुलांना याची कल्पनाच नसते. एमआयटीचं डब्ल्यूएमबीआर ८८.१ वर, हार्वर्डचं डब्ल्यूएचआरबी ९५.३ वर, इमर्सनचं डब्ल्यूईआरएस ८८.९ वर. अशा स्टेशनांत भिंतभर रेकॉर्ड असतात, चालू स्थितीतली टर्नटेबलं असतात, आणि रात्री एक ते चारची वेळ कुणालाच नको असते. ती तुम्ही मागा. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या डब्ल्यूकेसीआरवर १९९० ते १९९८ स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबिटो यांचा हिपहॉपचा कार्यक्रम चालला, तोही असाच गुरुवारी मध्यरात्रीनंतर. नास, जे-झी हे रॅपर जगाला माहीत होण्याआधी त्या स्टुडिओत येऊन गेले. विद्यापीठाचं स्टेशन, अपरात्रीची वेळ आणि दोन टर्नटेबलं एवढीच त्यांची सामग्री होती.

तिसरं, विद्यार्थ्यांचा डीजे क्लब. तुमच्या फीच्या बिलात स्टुडंट अॅक्टिव्हिटी फी म्हणून रक्कम लावलेली असते, त्यातूनच ही सामग्री आलेली असते. तेव्हा उपकार वाटून घेऊ नका. खोलीचं बुकिंग सकाळचं करा. संध्याकाळी सहानंतर गर्दी असते आणि तुम्हाला डेक पंधरा मिनिटंच मिळतो. रोजचा पाऊण तास ठरवून ठेवा. रविवारी सलग पाच तास बसणाऱ्यांचा हात मी बसलेला पाहिला नाही.

आणि क्लबमध्ये गेल्यावर सगळ्यात जोरात वाजवणाऱ्याजवळ बसू नका. एक गाणं संपून दुसरं कधी सुरू झालं ते ज्याच्या हातून कळत नाही, त्याच्याजवळ बसा. कार्यक्रमाला जाताना त्याच्या रेकॉर्डची पेटी उचला. तबल्याच्या क्लासात आपण गुरुजींचा तबला उचलून आणायचोच, ते इथेही चालतं.

मशीन

खोलीत बहुतेक टेक्निक्सचं एसएल-१२०० असेल. हे मॉडेल १९७२ साली आलं. त्याआधी १९७० मध्ये टेक्निक्सची मूळ कंपनी मात्सुशिताच्या शुइची ओबाता यांच्या चमूने डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल बाजारात आणलं होतं, म्हणजे मोटर थेट चकतीखाली, मध्ये पट्टा नाही. पट्टा असला की रेकॉर्ड मागे ओढताना तो घसरतो आणि सोडल्यावर चकतीला वेग पकडायला वेळ लागतो. याच मॉडेलच्या १९७९ च्या एमके२ आवृत्तीला पूर्ण वेगात यायला ०.७ सेकंद पुरतात. म्हणून पट्ट्याचं जुनं टर्नटेबल कुणी फुकट दिलं तर गाणी ऐकायला ठेवा, यासाठी नको.

सुईचं वजन स्वतः लावायला पहिल्याच दिवशी शिका. मागचं वजन फिरवत आर्म हवेत आडवा तरंगेल तिथे थांबा, फक्त आकड्यांची रिंग शून्यावर आणा, मग कार्ट्रिजवर, म्हणजे सुई बसवलेल्या तुकड्यावर, सांगितलेलं वजन लावा. स्क्रॅचच्या, म्हणजे रेकॉर्ड हाताने मागेपुढे करून आवाज काढण्याच्या, कार्ट्रिजना साधारण ३ ते ४ ग्रॅम लागतं. सुई उडते म्हणून वजन वाढवत जाणारे रेकॉर्डची वाट लावतात. सुई उडण्याचं कारण बहुतेक वेळा हात वरून दाबला जाणं हे असतं. बोटं रेकॉर्डच्या कडेला, नऊच्या काट्याजवळ, आणि हलवताना खाली जोर नाही.

स्लिपमॅट, म्हणजे रेकॉर्डखालची घसरती चटई, अडखळत असेल तर रेकॉर्डच्या आतलं पातळ प्लास्टिकचं वेष्टण गोल कापून मॅटखाली घाला. स्पीकरमधून घुं असा आवाज येत असेल तर मिक्सरच्या (दोन्ही डेकचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राच्या) मागे ग्राउंडची तार सुटलेली असते. आवाज अगदी बारीक आणि चिरका येत असेल तर बटण फोनोऐवजी लाइनवर आहे. सुईतून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो आणि रेकॉर्ड कापतानाच त्यातला खर्ज कमी केलेला असतो; तो परत भरून काढायचं काम फोनोचं सर्किट करतं. एवढं कळलं तरी तंत्रज्ञ शोधत फिरायची वेळ येत नाही.

लय जुळवणं

सुरुवात एकाच रेकॉर्डच्या दोन प्रतींनी करा. क्लबमध्ये मुद्दाम अशा जोड्या ठेवलेल्या असतात. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्राँक्समध्ये १५२० सेजविक अॅव्हेन्यूच्या इमारतीत डीजे कूल हर्कने जी पार्टी वाजवली, तिच्यामागोमाग त्याने हेच तंत्र पुढे नेलं: गाण्यातला फक्त तालवाद्यांचा तुकडा एका डेकवर संपत आला की दुसऱ्या डेकवर तोच तुकडा पुन्हा सुरू. लोक त्या तुकड्यावर नाचायला थांबलेले असत.

दोन्ही प्रती पिच (डेकचा वेग कमीजास्त करायचं सरकतं बटण) शून्यावर ठेवून एकत्र वाजवा. एकच आवाज ऐकू आला पाहिजे. मग मित्राला एका डेकचा पिच फेडर थोडा सरकवायला सांगा आणि आकड्यांवर कागद ठेवून झाका. आता कानाने ठरवायचं, कुठली पुढे पळतेय. सुरुवातीला हे कळतच नाही. दोन्ही ठोके वेगळे झालेले समजतात, पण पुढचं कोण आणि मागचं कोण ते समजत नाही. इथे एक युक्ती आहे: ज्या रेकॉर्डवर शंका आहे तिला बोटाने हलकेच ढकला. घोळ कमी झाला तर ती मागे होती, वाढला तर पुढे. मग पिच त्या दिशेने सरकवा. आठवडाभर एवढंच करा. कंटाळा येईल, येऊ द्या.

गणित सोपं आहे. घड्याळ लावून १५ सेकंदांतले ठोके मोजा, चारने गुणा. २५ ठोके म्हणजे मिनिटाला १००. एक गाणं ९६ चं, दुसरं १०० चं, तर ९६ वालं ४.१७ टक्के वर न्यायचं. टेक्निक्सचा पिच अधिक-उणे ८ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे १०० चं गाणं ९२ ते १०८ मध्येच फिरणार. रेकॉर्ड निवडतानाच हे डोक्यात हवं. शिवाय वेगासोबत सूरही चढतो: ६ टक्क्यांना जवळजवळ एक सेमीटोन, म्हणजे काळी एकचं गाणं पांढरी दोनला जाऊन बसतं. गायनाचा भाग दुसऱ्या गाण्याच्या सुरांवर ठेवायचा असेल तर हे आधी तपासा, नाहीतर लय जुळूनही कान दुखतात.

ठोके जुळल्यावर खरा प्रश्न येतो तो समेचा. इथे तबला, पखवाज, हार्मोनियम, ढोल-ताशा काहीही शिकलेल्या मुलांचं काम हलकं होतं, आणि मला हे जोरात सांगायचं आहे कारण आपली मुलं "मला वेस्टर्न म्युझिक येत नाही" म्हणून मागे राहतात. हाउस या नाचाच्या संगीतात किंवा हिपहॉपमध्ये ४ ठोक्यांचा एक बार आणि साधारण ८ बारचं एक वाक्य, म्हणजे ३२ ठोके. त्रितालाची बरोब्बर दोन आवर्तनं. बोटांच्या पेरांवर मोजायची सवय असेल तर तीच इथे चालवा. नवीन गाणं आणायचं ते चालू गाण्याच्या वाक्याच्या समेवर, तिहाई जशी समेवर येऊन पडते तशी. मधेच कुठेतरी पाचव्या बारला आणलेलं गाणं ठोक्यात असूनही परकं वाटतं, आणि नाचणारे लोक त्यांनाही न कळत थबकतात.

मिसळताना दोन्ही गाण्यांचा खर्ज एकाच वेळी उघडा ठेवू नका. नवीन गाण्याचा बास इक्यूवर (मिक्सरवरच्या खर्ज-मध्य-तार कमीजास्त करायच्या बटणांवर) बंद करून त्याला आत आणा, समेवर एकाचा बास बंद, दुसऱ्याचा चालू. याची सवय पहिल्या मिक्सपासून लावा.

स्क्रॅच

आता हात. मेट्रोनोम ८० वर ठेवा आणि क्रॉसफेडरला, म्हणजे मिक्सरवरच्या आवाज चालू-बंद करायच्या फेडरला, अजिबात हात लावू नका. एकच आवाज निवडा; शिकाऊ रेकॉर्डवर "आऽह" आणि "फ्रेश" हे दोन आवाज असतातच. पुढे, मागे, पुढे, मागे. याला बेबी स्क्रॅच म्हणतात. आधी एका ठोक्यात एकदा, मग दुगुन, मग तिगुन, मग चौगुन, आणि पुन्हा उतरत खाली. पुढे जाणारा आणि मागे येणारा आवाज सारख्याच लांबीचा आला पाहिजे. मी मुलांना डोळे मिटायला लावते आणि स्वतः बाजूला बसून ताल देते.

ही क्रिया सत्तरच्या दशकाच्या मध्यात ब्राँक्समधल्या ग्रँड विझर्ड थिओडोर नावाच्या किशोरवयीन मुलाने शोधली. आई आवाज कमी कर म्हणून ओरडायला आली तेव्हा त्याने रेकॉर्ड हाताने धरून ठेवली आणि ती मागेपुढे होताना जो आवाज आला तो त्याला आवडला, असं तो सांगतो. त्याने तो पकडून ठेवला आणि पार्टीत वाजवण्याइतका घोटला.

बेबी सुबक झाला की दुसरा हात फेडरवर. आधी फॉरवर्ड: पुढे जाताना फेडर उघडा, मागे आणताना बंद, म्हणजे परतीचा आवाज ऐकूच येत नाही. मग चर्प, ज्याचं श्रेय फिलाडेल्फियाच्या डीजे जॅझी जेफला देतात. पुढे जाताना आवाज तोडायचा आणि मागे येताना उघडायचा, दोन्ही हात एकाच क्षणी दिशा बदलतात आणि पाखरासारखा आवाज निघतो. मग ट्रान्सफॉर्म: रेकॉर्ड सावकाश ओढायची आणि फेडर उघडझाप करत त्या लांब आवाजाचे तुकडे पाडायचे. हे टप्पे नीट बसायला एक सेमिस्टर सहज जातं. फ्लेअर आणि क्रॅब त्यानंतर. फ्लेअरमध्ये फेडर उघडा ठेवून मधे क्षणभर बंद करायचा, म्हणजे सगळा विचार उलटा होतो. क्रॅबमध्ये अंगठा टेकवून चार बोटं एकामागोमाग फेडरवरून जातात. डीजे क्यूबर्टने तो लोकांपुढे आणला. क्रॅब दिसायला भारी म्हणून नवी मुलं तिथूनच सुरुवात करतात. मी त्यांना थांबवते. ज्याचा बेबी लयीत नाही त्याच्या क्रॅबमधून नुसती खरखर येते.

वही ठेवा. स्क्रॅच लिहायची टीटीएम नावाची एक पद्धत आहे. नव्वदीच्या दशकात जॉन कार्लुचो यांनी ती सुरू केली. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर रेकॉर्ड किती पुढे-मागे गेली, आणि फेडर जिथे बंद झाला तिथे खूण. आलेखाच्या कागदावर छान जमते, आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना तर लगेच. मी स्वतः बोलांनी लिहिते. बेबीच्या पुढच्या हाताला एक अक्षर, मागच्याला दुसरं, बंद फेडरला अवग्रह. आमच्या खोलीत आता एक कोरियन मुलगा आणि एक ब्राझीलची मुलगी असे बोल तोंडाने म्हणून मग हातावर आणतात. पढंत आधी, हात नंतर. जे तोंडाने म्हणता येत नाही ते हाताला लयीत येत नाही, हे आमच्या गुरुजींचं म्हणणं मला इथेही खरं होताना दिसलं.

बीट जगलिंग आणि घड्याळ

हा माझा सगळ्यात आवडता भाग. दोन प्रती घेऊन त्यांचे ठोके उलटसुलट वाजवून नवीनच ठेका उभा करायचा. हार्लेमच्या स्टीव्ह डी या डीजेने १९९० च्या आसपास याला रूप दिलं, पण पाया ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेचा. फ्लॅश इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला मुलगा. दुसरी रेकॉर्ड लोकांना ऐकू न जाता आपल्याला हेडफोनमध्ये ऐकता यावी म्हणून त्याने स्वतः स्विच जोडून घेतलं. आणि त्याने रेकॉर्डवर क्रेयॉनने खुणा केल्या, म्हणजे तुकडा कुठे सुरू होतो ते बघून तो थेट मागे फिरवता येईल.

ती खूण तुम्हीही करा. गोल स्टिकर आणा, हवा तो ठोका सुईखाली आणा, आणि स्टिकर लेबलपासून बाराच्या काट्याकडे लावा. आता हिशोब बघा. ३३⅓ वेगाला एक फेरी १.८ सेकंदांची. मूळ लय १०० ची असेल तर एक ठोका ०.६ सेकंदाचा, म्हणजे एका फेरीत ३ ठोके. चार ठोक्यांचा बार संपतो तेव्हा चकती एक फेरी आणि वर एक तृतीयांश फिरलेली असते, आणि बारावर असलेला स्टिकर चारवर दिसतो. पुढचा बार संपला की आठवर, त्यापुढचा की पुन्हा बारावर. म्हणजे एक बार मागे जायचं तर सव्वापेक्षा जरा जास्त फेरी उलटी फिरवायची आणि स्टिकर बारावर आणून थांबायचं. मूळ लय १३३⅓ असेल तर एका फेरीत नेमका एक बार बसतो. ४५ च्या रेकॉर्डवर ९० ची लय असेल तर फेरीत नेमके दोन ठोके. आणि पिच कितीही सरकवला तरी हे कोन बदलत नाहीत, कारण चकती आणि लय एकाच प्रमाणात वेगावतात. हे एकदा कागदावर मांडून बघाच. मग जगलिंग हा चमत्कार वाटत नाही, हाताने चालवलेलं घड्याळ वाटतं.

पहिला सराव: डावीकडे एक बार, उजवीकडे तोच बार, तेवढ्यात डावी मागे. डावी, उजवी, डावी, उजवी, न तुटता पाच मिनिटं. मग अर्धा बार. मग एकेक ठोका. लय कमी करायची असेल तर रेकॉर्ड बदला, पिचवर फार विसंबू नका.

आपली गाणी

दिवाळीच्या कार्यक्रमात किंवा महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मराठी वाजवायचं असं प्रत्येकाच्या मनात असतं, आणि असावंच. पण जुनी भावगीतं, लावण्या, चित्रपटगीतं वादकांनी एकत्र बसून वाजवलेली आहेत. त्यांत क्लिक ट्रॅक, म्हणजे यंत्राने दिलेला ठरावीक ठोका, नाही. ध्रुवपदाला ९८, अंतऱ्याला १०१, असं जिवंत माणसासारखं चालतं. म्हणून अशा गाण्यावर पिच लावून हात काढून घेता येत नाही. बोट चकतीच्या कडेला ठेवून सतत थोडं ढकलावं, थोडं धरावं लागतं. ज्यांनी झाकलेल्या आकड्यांवर कान तयार केला, त्यांना इथे त्याचं फळ मिळतं.

दुसरं, ताल बघा. केहरवा चारच्या ठोक्यात सहज बसतो. दादरा सहा मात्रांचा. तो चारच्या हाउसवर ठेवला आणि मात्रा ठोक्याला ठोका जुळवली तर दोन्ही समा दर १२ मात्रांनी भेटतात. त्या बाराव्याच्या पुढच्या समेवरच आत-बाहेर करा. ऐकणाऱ्याला गंमत वाटते, गाणं मोडल्यासारखं वाटत नाही.

आणि कृपा करून आजोबांच्या रेकॉर्ड स्क्रॅच करू नका. ७८ च्या तबकड्या तर या सुईखाली ठेवूच नका. त्यांची खाच कितीतरी रुंद असते, त्यांना वेगळी सुई लागते आणि एमके२ वर तो वेगही नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बहुतेक ठिकाणी रेकॉर्ड संगणकावर उतरवून घेण्याची सोय असते. तिथे उतरवा आणि फाइल वापरा.

लॅपटॉप कधी काढायचा

आता. सेराटो या सॉफ्टवेअर कंपनीने २००४ साली मिक्सर बनवणाऱ्या रेनसोबत जी पद्धत बाजारात आणली ती आजही तशीच आहे: रेकॉर्डवर संगीताऐवजी टाइमकोडचा सूर असतो, सुई तो वाचते आणि संगणकातली फाइल त्याप्रमाणे पुढे-मागे होते. तुमचा स्टिकर, तुमचा हात, सगळं तसंच चालतं. फक्त स्क्रीनवर लहरी दिसू लागतात आणि डोळे त्यांना चिकटतात. स्क्रीन अंधारी करून वाजवा, चुकल्यावरच बघा. लय आपोआप जुळवणारं सिंक बटण वाईट नाही. चार डेक चालवणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. पण दोन जुन्या गाण्यांच्या डोलणाऱ्या लयीवर ते गडबडतं, आणि तेव्हा कान तयार असलेला माणूसच कार्यक्रम सावरतो.

कान आणि व्हिसा

कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेची मर्यादा अशी: ८५ डेसिबलला ८ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. लहान खोलीत मोठे मॉनिटर लावले की १०० सहज गाठलं जातं. फोनवर मोजायचं अॅप ठेवा, हेडफोन एकाच कानावर सतत ठेवू नका, पार्टीला इअरप्लग घाला. विसर्जन मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहून रात्रभर कान वाजलेल्यांना वेगळं सांगायला नको. कानात शिट्टी राहिली तर दुसऱ्या दिवशी रियाज बंद.

व्हिसाचं नीट वाचा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय पैसे घेऊन वाजवणं हे बेकायदा काम आहे, मग ते कुणा काकांच्या मुलीचं लग्न असो की गरब्याची रात्र, रोख असो की व्हेन्मो अॅपवरून. कॅम्पसवरच्या कामाला सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. "फुकट वाजवतो, मग काय" असंही परस्पर ठरवू नका. ज्या कामाचे एरवी पैसे मिळतात ते फुकट केलं तरी प्रश्न उभा राहू शकतो. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. कॅम्पसमध्येच विद्यार्थी संघटनांचे इतके कार्यक्रम असतात की हात मोकळा राहत नाही.

सेमिस्टरच्या शेवटी

सहा मिनिटांचा एक तुकडा बसवा. १९८५ पासून चालू असलेल्या डीएमसी या डीजेंच्या स्पर्धेच्या जागतिक फेरीत सहाच मिनिटं मिळतात, आणि तेवढ्या वेळात सगळं दाखवावं लागतं. दीड मिनिट शुद्ध मिक्स, दोन मिनिटं स्क्रॅच, दोन मिनिटं जगलिंग, उरलेला वेळ तुमच्या मनासारखा. त्याची पढंत लिहा, पाठ करा, खोलीतल्या चार माणसांसमोर वाजवा आणि हातांचं वरून रेकॉर्डिंग करा. शिकवणाऱ्याला ते दाखवून तीनच गोष्टी विचारा: लय कुठे हलली, कुठला हात आखडला, कुठे तुम्हाला कंटाळा आला.

मगच खरेदी. वसतिगृहाच्या खोलीसाठी नुमार्कच्या पीटी०१ स्क्रॅचसारखं बॅटरीवर चालणारं छोटं टर्नटेबल पुरेसं आहे. ७ इंची रेकॉर्ड, हेडफोन, शेजाऱ्यांची तक्रार नाही. मोठं घ्यायचंच तर टेक्निक्सची जुनी जोडी बघा. २०१० मध्ये कंपनीने उत्पादन थांबवलं आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू केलं, त्यामुळे जुनं-नवं दोन्ही बाजारात आहे. घेताना पिच फेडर मधून नेताना अडकतो का, आर्म हलतो का आणि आरसीएच्या, म्हणजे मिक्सरला आवाज नेणाऱ्या, तारा मूळच्या आहेत का ते बघा. भारतात परत न्यायचा विचार असेल तर मागची पट्टी वाचा: नुसतं १२० व्होल्ट लिहिलेलं यंत्र सांगलीच्या २३० च्या प्लगला थेट लावलं की जळतं, आणि दोन डेकना पुरेल असा चांगला ट्रान्सफॉर्मर नेण्यापेक्षा पुण्या-मुंबईत २३० चंच घेणं सोयीचं पडतं.